घराण्याचं नाक

माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलायचं ठरवलं, ते एका मांजरीसाठी. तोवर आमचं संभाषण बायकोमार्फत चालायचं. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसलेलो असलो तरी ते तिला म्हणायचे, "यांना विचार, चहा घेणार का?" बायको मला विचारायची, मी तिला 'हो' म्हणायचो आणि ती त्यांना सांगायची, "घेतील." यात चहा गार व्हायचा, पण कुणाचा अपमान होत नसे.

या अबोल्याचं मूळ म्हणजे माझं नाक. ते मोठं आहे, हे मी मान्य करतो. आमच्या घराण्यात ते असंच चालत आलंय, माणसाच्या आधी खोलीत शिरणारं. उलट सासरची मंडळी झाडून सगळी नकटी. सासरे, त्यांचे भाऊ, आत्या, चुलत आत्या, सगळ्यांची नाकं बोटानं दाबून बसवल्यासारखी. त्या घरात लग्नंही पूर्वापार नात्यातल्या नात्यात झालेली, त्यामुळे नाकाला बाहेरची हवा म्हणून कधी लागलीच नाही. सगळ्यांची नाकं बारमाही चोंदलेली असतात आणि दुपारी जेवून सगळे आडवे झाले की घोरण्यानं कपाटातली भांडी वाजतात. बाहेर लग्न करणारी त्या घरातली पहिली मुलगी म्हणजे माझी बायको. आमची कन्या जन्मली तेव्हा सासऱ्यांनी तिला हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि बायकोला धीर देत म्हणाले, "बाकी सगळं छान आहे. नाक काय, बसेल हळूहळू." कन्या आता पाचवीत आहे. नाक अजून बसलेलं नाही.

सासऱ्यांचा जीव मांजरांत. साधीसुधी मांजरं नव्हेत, तर जातिवंत, लांब रेशमी केसांची, चपट्या तोंडाची, आजोबा-पणजोबांची नावं तोंडपाठ असलेली. गावात हौशी लोकांचं एक मार्जार मंडळ आहे आणि सासरे त्याच्या शुद्धता समितीचे अध्यक्ष आहेत. कुठल्या मांजराच्या रक्तात कुठे भेसळ झाली हे शोधून काढणं हे समितीचं काम. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या घराण्यात एक लांब नाक शिरू दिलं नव्हतं. मांजरांच्या घराण्यात, म्हणजे.

आणि आता त्या घराण्यात एकच मादी उरली होती, रेशीम. तिची गेल्या खेपेची पिल्लं जगली नाहीत. पिल्लांची नाकं इतकी चपटी होती की दूध ओढताना त्यांना श्वासच घेता येईना. सासरे त्यांना ड्रॉपरनं दूध पाजत बसले, मांडीवर टॉवेल, डोळ्यांवर चष्मा, एकेक थेंब. शेवटचं पिल्लू त्यांच्या तळहातावर गेलं. त्या दिवसापासून ते मंडळात गेले नाहीत, कुणाशी वाद घातला नाही, वर्तमानपत्रातल्या चुका काढल्या नाहीत. "बाबांच्या शर्टाच्या खिशात तो ड्रॉपर अजून आहे," बायको मला म्हणाली आणि तिचा चोंदलेला आवाज आणखी चोंदला. मला स्वतःला मांजरांचं फारसं काही नाही, पण ते ऐकून मला वाईट वाटलं.

प्राण्यांचे डॉक्टर जरा तुसडेच आहेत. त्यांनी रेशीमला तपासून सासऱ्यांना सरळ सांगितलं, "हिच्या आईचा आजोबा तोच बापाचा आजोबा. त्याच विहिरीचं पाणी उपसून पुन्हा त्याच विहिरीत ओतताय तुम्ही. बाहेरचं रक्त आणा. दुसऱ्या जातीचा, दणकट, नाकवाला बोका बघा. तसं करणार असाल तर आणखी एक बाळंतपण हिला झेपेल. नाहीतर घराणं इथेच संपलं असं समजा."

त्या रविवारी सासरे आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुम्हाला एक काम सांगायचं होतं."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुम्हालाच म्हणतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नाकवाला बोका माझ्या दारात उभा राहिलेला लोकांनी पाहिला, तर चाळीस वर्षं मी जे बोललो त्याचं काय? तुमच्याकडे करा. तुमच्याकडे..." इथे त्यांनी योग्य शब्द शोधला, "...तुमच्याकडे चालून जाईल."

हा अपमान होता की विश्वास, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. पण बायको दारात उभी राहून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी हो म्हणालो. रेशीम त्याच संध्याकाळी टोपलीतून आमच्याकडे आली आणि कागदोपत्री माझ्या नावावर झाली.

पहिली अडचण मंडळाची. परजातीच्या बोक्याशी संबंध जोडायचा तर शुद्धता समितीची लेखी परवानगी लागते. मला वाटलं, अध्यक्ष घरचेच, म्हणजे काम झाल्यात जमा आहे. मी विमा कंपनीत भरपाईच्या अर्जांतल्या त्रुटी काढायचं काम करतो. इतकी वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवल्यावर आपला अर्ज कसा लिहायचा हे मला कळत होतं. तरी सासऱ्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो मला शब्दन्‌शब्द सांगितला, मी लिहिला, ते तो खिशात घालून घरी गेले आणि त्यांनी तो नामंजूर केला.

"अहो, पण तुम्हीच तर सांगितलात तो!" मी फोनवर म्हटलं.

"सांगितला तो सासरा म्हणून," ते म्हणाले. "वाचला तो अध्यक्ष म्हणून. दिलेलं कारण समाधानकारक नाही."

"कारण तुम्हीच दिलंत."

"म्हणून तर मला माहिती आहे ना, ते समाधानकारक नाही."

मग ते पुन्हा आले, स्वतःच्याच निर्णयाविरुद्ध अपील सांगायला. या वेळी त्यांना चांगलाच जोर चढला होता. "लिहा. सदर अध्यक्षांनी अत्यंत संकुचित दृष्टीने... नको, 'संकुचित' खोडा. 'कूपमंडूक' घाला."

"अहो, सासऱ्यांना कूपमंडूक कसं लिहू?"

"सासऱ्यांना कुठे लिहिताय? अध्यक्षांना लिहिताय. घाला. लागलं पाहिजे त्यांना."

आणि त्यांना खरंच लागलं. मंडळाच्या सभेत स्वतःचंच अपील मोठ्यानं वाचताना त्यांचा आवाज कापत होता, असं तिथे हजर असलेल्या एकानं मला नंतर सांगितलं. परवानगी मिळाली, पण 'अर्जदाराची भाषा उर्मट आहे' असा शेरा मारून आणि होणारी पिल्लं प्रदर्शनात भाग घेऊ शकणार नाहीत, या अटीवर. त्यानंतर दोन आठवडे सासरे माझ्याशी पुन्हा बायकोमार्फत बोलू लागले. उर्मट माणसाशी ते थेट बोलत नाहीत.

बोका मिळाला शेजारच्या गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे. आखूड केसांचा, राखाडी, रुंद छातीचा आणि चेहऱ्याच्या मधोमध एक ठसठशीत, बाकदार नाक. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही काहीतरी ओळखीचं वाटलं. बाईंनी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं होतं. त्या त्याच्याशी बोलायच्या ते वर्गात बोलल्यासारखं, आणि तोही पंजे जुळवून ऐकायचा.

"मांजर इथे आणून सोडा," बाई म्हणाल्या. "आठवडाभरानं घेऊन जा."

आणि इथे माझा अभिमान मध्ये आला. सासऱ्यांनी विश्वासानं (किंवा नाइलाजानं) सोपवलेली त्यांच्या घराण्याची शेवटची लेक, आणि मी ती एका परक्या घरात एकटी सोडून यायची? मी ताठ बसलो. "माफ करा बाई, पण आमची मांजर अशी कुणाच्या घरी जाऊन राहणार नाही. यायचं तर तुमच्या बोक्यानं आमच्याकडे यावं."

"अहो, बोका जात नसतो. सगळीकडे मादीच जाते. त्याला कारण आहे."

"कारण असेल. पण रीत म्हणून काही असतं की नाही?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. गणित पूर्ण चुकलंय पण अक्षर सुंदर आहे, अशा मुलाकडे बघतात तसं. त्यांनी दुसऱ्यांदा समजावलं नाही. कदाचित इतकी वर्षं शिकवून त्यांना कळलं असावं की काही मुलांना चुकू द्यावं लागतं. "न्या," त्या म्हणाल्या. "फक्त त्याचं वजन उतरलेलं मला चालणार नाही." मी टोपली घेऊन विजयी मुद्रेनं बसमध्ये चढलो.

घरी येऊन टोपली उघडली. मॉनिटर बाहेर आला, त्यानं एकदा खोलीभर नजर फिरवली, आणि जो कपाटावर चढला तो चढलाच. खाली रेशीम गडाबडा लोळून त्याला साद घालत होती. चपट्या नाकातून निघणारा तो आवाज म्हणजे बंद पडलेल्या गाडीला किल्ली मारत राहावं तसा. मॉनिटर वरून तिच्याकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, लाजतोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दमलाय. तिसऱ्या दिवशी तो आम्ही घरात नसताना खाली उतरला आणि त्यानं माझ्या ऑफिसच्या बुटांवर, पडद्यांवर आणि सोफ्याच्या पाठीवर फवारे मारून ठेवले.

ज्यांनी नसबंदी न केलेल्या बोक्याचा फवारा हुंगलेला नाही, त्यांना तो समजावून सांगता येणार नाही आणि ज्यांनी हुंगलाय त्यांना सांगायची गरज नाही. दार उघडताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कन्या नाक धरून परत जिन्यात पळाली. आणि बायको निवांतपणे सोफ्यावर टेकून म्हणाली, "काय झालं? मला तर कसलाच वास येत नाही बाई." सासरच्या नाकाचा त्या दिवशी मला पहिल्यांदा हेवा वाटला.

मी साबणाचं पाणी करून सगळं घासून काढलं. मॉनिटरनं पुन्हा फवारलं. मी पुन्हा घासलं. बुटांना मात्र कशाचा उतारा पडेना. ऑफिसात साहेबांनी माझं टेबल 'तुम्हाला उजेड मिळावा म्हणून' खिडकीपाशी हलवलं. त्यात सासऱ्यांचा रोज दुपारी फोन. घराणं धोक्यात आल्यामुळे उर्मटपणाचा विषय त्यांनी तात्पुरता मागे ठेवला होता.

"झालं का?"

"नाही अजून," मी आवाज खाली आणून म्हणायचो. "तो कपाटावरच आहे."

"आणि ती?"

"ती खाली आहे. हाका मारतेय."

"तुम्ही काय करताय?"

"मी ऑफिसात आहे."

पलीकडे मोठा उसासा ऐकू यायचा, जणू मी घरी असतो तर काही हातभार लावू शकलो असतो. फोन ठेवला की आजूबाजूची सगळी टेबलं एकदम कामाला लागायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आजवर मांजर पाळलेलं नाही, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यात ठाम होतं. "त्याला रेडिओ लावून द्या. घरात बाईमाणूस बोलतंय असं वाटलं की बोका येतो खाली." आम्ही रेडिओ लावला. शेतमालाचे बाजारभाव ऐकत मॉनिटर झोपी गेला. मग काकू म्हणाल्या, समोर आरसा ठेवा. आरशावर फवारा आला. मग म्हणाल्या, "तुम्हीच त्याच्याशी चार शब्द बोलून बघा हो. तुमचं तोंड जरा त्याच्यासारखंच आहे." मी ते हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी घरात कुणी नाही असं बघून स्टुलावर चढलो आणि मॉनिटरशी चार शब्द बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या चष्म्यावर पंजा मारला.

शेवटी मी डॉक्टरांना फोन केला. ते बराच वेळ हसले. तुसडा माणूस हसतो तेव्हा जास्त लागतं.

"बोका परक्या घरात काही करत नसतो," ते म्हणाले. "म्हणून मादीला त्याच्याकडे नेतात. लहान पोराला विचारलंत तरी सांगेल. आता आणलाच आहात, तर आधी ते घर त्याचं झालं पाहिजे."

"त्याचं म्हणजे?"

"त्याचं म्हणजे त्याचं. तुमचं नाही. आणि काय हो, तो फवारतो ते तुम्ही पुसता का?"

"पुसतो म्हणजे? घासतो!"

"तेच चुकतंय. तो दारावर आपल्या नावाची पाटी लावतोय आणि तुम्ही रोज ती काढून टाकताय. पुसू नका."

बाईंनी 'त्याला कारण आहे' म्हटलं होतं, ते कारण मला त्या दिवशी कळलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नका पुसू. वास तर काही येत नाही." कन्येनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. दोघं असूनही या घरात आमची बाजू अल्पमतात होती.

आम्ही पुसणं थांबवलं आणि मॉनिटरची सत्ता सुरू झाली. तो कपाटावरून फ्रिजवर आला. फ्रिजवरून टेबलावर आला. मग त्यानं माझी आरामखुर्ची घेतली. ही खुर्ची म्हणजे घरातली माझी एकमेव मालमत्ता, बाकीचं घर बायकोचं आहे. मी ऑफिसातून आलो की तो खुर्चीतून मान वळवून माझ्याकडे बघायचा, हा कोण आणि किती दिवस राहणार, अशा चेहऱ्यानं. मी स्टुलावर बसून चहा प्यायचो. माझी उशी गेली, माझा टॉवेल गेला. बाई रोज फोन करून वजन विचारायच्या, ते वाढत होतं. माझं उतरत होतं, पण त्याची चौकशी कुणी केली नाही. रेशीम मात्र मध्यंतरी गप्प झाली होती आणि आता हा काळ हातचा जातो की काय, या धास्तीनं सासरे फोनवर नुसतेच श्वास घ्यायचे.

मग एके दिवशी सकाळी ती पुन्हा लोळायला आणि ओरडायला लागली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ नियमावली शर्टाच्या आत, छातीशी बाळगतात.

"तक्रारी आहेत," ते म्हणाले. "वासाची एक, आवाजाची सात. शिवाय नियमाप्रमाणे एका घरात एकच प्राणी."

"एकच आहे. दुसरा पाहुणा आहे."

"पाहुणा किती दिवस राहणार?"

"काम होईपर्यंत."

"कसलं काम?"

मी कन्येकडे बघितलं. कन्येनं छताकडे बघितलं. मग मी बाहेरचं रक्त, चपटी नाकं, विहिरीचं पाणी, सगळं एका दमात सांगितलं. सेक्रेटरींनी रुमाल नाकाला लावूनच ऐकून घेतलं. "हे सगळं लेखी द्या," ते म्हणाले आणि नियमावली उघडायला म्हणून माझ्या आरामखुर्चीत बसले. मॉनिटर तेव्हा पाणी प्यायला आत गेला होता.

तो दारात आला. आपल्या खुर्चीत एक परका माणूस बसलेला त्यानं पाहिला. त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की रेशीमसुद्धा गप्प झाली. मग तो सावकाश, कुठलीही घाई न करता खुर्चीपर्यंत चालत आला, सेक्रेटरींकडे पाठ केली, शेपटी ताठ उभारली, थरथरवली, आणि इस्त्रीच्या पँटवर गुडघ्यापासून बुटापर्यंत आपल्या नावाची पाटी लावली.

सेक्रेटरी काय बोलले ते मी लिहीत नाही, नियमावलीत ते शब्द नाहीत. ते गेले. मॉनिटर खुर्चीवर चढला, चारी बाजूंना नजर टाकली, एक पंजा चाटला. आपल्या घरात घुसलेला माणूस आपण हाकलून लावला, आता घर खऱ्या अर्थानं आपलं झालं, असं त्याला वाटलं असावं. कारण तो खुर्चीतून उतरला आणि नाकासमोर चालत थेट रेशीमकडे गेला. मी कन्येला घेऊन खालच्या काकूंकडे जाऊन बसलो. वरून जी किंकाळी ऐकू आली तिच्यावर काकूंनी एवढंच म्हटलं, "रेडिओचा गुण आला बघा."

मी काकूंच्याच फोनवरून सासऱ्यांना कळवलं. "झालं," मी म्हणालो. पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज. मग, "बरं. जेवलात का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला थेट विचारलेला नव्हता.

बाई येऊन मॉनिटरला घेऊन गेल्या. तो टोपलीत जाताना खुर्चीकडे वळून वळून बघत होता. सेक्रेटरींची नोटीस आली. तिच्यात मॉनिटरचा उल्लेख 'सदर पाहुणा' असा होता. मी लेखी माफी मागितली, घर घासून काढलं, खुर्ची गच्चीत उन्हात टाकली. रेशीमचं पोट दिसू लागलं आणि सासरे रोज यायला लागले. येऊन तिच्यापाशी बसायचे, तिच्या पोटावर हात ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं खिसा चाचपायचे. ड्रॉपर होता तिथेच होता. त्यांना भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती. मी या भानगडीत नाइलाजानं पडलो होतो, पण आता त्या पोटातल्या पिल्लांवर माझीही काही इज्जत टांगलेली होती.

रविवारी भर दुपारी रेशीम बाळंत झाली, माझ्या शर्टांच्या खणात. डॉक्टर आले होते. सासऱ्यांनी बाह्या दुमडून टॉवेल मांडीवर पसरला, दूध कोमट करून वाटीत घेतलं, ड्रॉपर हातात धरला आणि भिंतीला टेकून बसले. बायको त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. एकामागून एक चार पिल्लं आली. डॉक्टरांनी एकेक पुसून रेशीमपाशी ठेवलं. सासरे वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"केस कुठे गेले?" ते म्हणाले.

चारही पिल्लं ओली, आणि अंगावर केस म्हणजे नुसती मखमलीची लव. राखाडी, आखूड, मॉनिटरची हुबेहूब.

"कुठे जात नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आखूड केस वरचढ असतात, म्हणून वर दिसतायत. लांब केस आत आहेत. तुमच्या जातीत पुन्हा दिलीत की यांच्या पिल्लांत परत येतील, निम्म्यांत तरी."

"आणि नाकं?" सासऱ्यांनी विचारलं. कारण नाकं होती. नुकत्याच जन्मलेल्या त्या मुठीएवढ्या जिवांना चेहऱ्याच्या मधोमध इवलीशी, पण स्पष्ट, पुढे आलेली नाकं होती. चाळीस वर्षांत त्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती अशी.

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. खोली गप्प झाली आणि मग ते ऐकू आलं. चुटचुट, चुटचुट. चारही पिल्लं एका ओळीत दूध ओढत होती. मध्येच आचळ सोडून कुणी श्वासासाठी धडपडत नव्हतं. दूध तोंडातून जात होतं आणि हवा नाकातून, जगातल्या सगळ्या धडधाकट पिल्लांची जाते तशी. सासरे हातात भरलेला ड्रॉपर घेऊन ऐकत बसले. वाटीतलं दूध गार झालं, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजोबा, ड्रॉपर लागेल का?" कन्येनं हळूच विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "तुला घे. चित्रं काढायला." आणि चष्मा काढून ते टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागले. बायकोही रडायला लागली. त्या घरातली माणसं रडतात तेव्हा त्यांना मध्ये थांबून तोंडानं श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्यांचं रडणं फार वेळ चालतं. कन्या आणि मी मात्र एका दमात रडून मोकळे झालो.

डॉक्टर गेल्यावर सासऱ्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याच्या नाकावरून करंगळी फिरवली, वरून खाली, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं. नजर कपाळावरून सुरू झाली आणि सवयीप्रमाणे मधे येऊन थांबली. पण या वेळी ती मुरडली नाही.

"जावईबापू," ते म्हणाले. मी मागे वळून बघितलं नाही. "तुमच्याकडे सगळ्यांचीच नाकं अशी आहेत का हो?"

"सगळ्यांची. वडिलांचं तर माझ्याहून मोठं होतं."

"हो, होतं." त्यांनी पिल्लू जपून रेशीमपाशी ठेवलं. "लग्नात ते माझ्याशी बराच वेळ बोलत होते. चांगले गृहस्थ असावेत. पण काय बोलले ते मला एक अक्षर आठवत नाही. मी सगळा वेळ नाकच बघत होतो."

मग ते भिंतीला टेकून बसले, कन्येला जवळ घेतलं आणि मला म्हणाले, "बसा. काय काय बोलायचे तुमचे वडील, सांगा जरा."

खुर्ची अजून गच्चीतच होती. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो.